बंद घराचं पाणी

मळ्यात, झऱ्याकडून वर चढताना
डाव्या हाताचं चौथं घर.
कुलपावर गंज. शिंपल्यांच्या खिडकीतले
निम्मे शिंपले गळून पडलेले.
मालक बासष्ट साली बोटीत बसले ते बसलेच.
माझ्या आधीचे मीटर रीडर तांबोसकर
वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून गेले आहेत:
महिना तीन युनिट. विचारू नये.

मी नवी होते, विचारलं.
साहेब म्हणाले, गळत असेल.
रुझार प्लंबर परसातून आत शिरला,
दहा मिनिटांत बाहेर.
नळ कोरडा, मोरीत वाळलेली पाल,
आणि मोरीच्या दगडावर ओला चिखल, म्हणाला,
मजुरी न घेताच पुलाकडे चालू लागला.

समोरच्या बाल्कांवात दोना एर्मेलिंद सोलं निवडत होत्या.
त्यांनी मान वर केली नाही.
"चलून चलून पांय भरतात गो ताचे. धुता."

मग तुकड्यातुकड्यांनी, दर रीडिंगला थोडं थोडं:
की हा रस्ता रस्ता नव्हताच, बांध होता,
अलीकडे भात, पलीकडे खाडी,
आणि भरतीच्या रात्री बांध कुठे फुटतोय का
ते बघत फिरणारा एक राखणदार,
खांद्यावर कांबळ, हातातल्या दांड्याला घुंगूर.
की जुन्या गोव्यात तापाची साथ आली
आणि माणसं मेलेल्या शहराचे चिरे होड्यांत भरून
इथे उतरली, दारं आणली, आल्तार आणले,
चिऱ्यांबरोबर आणखी कोण कोण उतरलं
त्याची नोंद कुठल्याच कचेरीत नाही.
चिखल बुजला. घरं उठली, पिवळी, निळी.
आता बांध राखायला नको
हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

तो अजून निघतो. मानशीच्या जागी
कसिनोवाल्यांच्या गाड्या उभ्या असतात,
त्यांच्यामधून वाकून पाण्याची उंची बघतो.
बांध रस्त्याच्या खाली गुडघाभर,
म्हणून तोही गुडघ्यापर्यंत डांबरात.
पहाटे बोनिफास पोदेर पहिला उंडो
त्या पायरीवर ठेवतो, मगच भोंगा वाजवतो.
कामतांच्या दुकानातून अवसेला एक विडी.
"पाव कावळा नेतो," मी म्हटलं.
"आनी विडी?" दोना एर्मेलिंद.

गेल्या वर्षी गटारासाठी गल्ली उभी चिरली.
खालून काळा चिखल आला, त्यात कालवांची टरफलं
आणि एक वास, जो कुणाच्याच ओळखीचा नव्हता,
पण सगळे दारात येऊन तो घेत उभे राहिले.
पर्यटक चपला हातात धरून फोटो काढत होते.
चार महिने खंदक उघडा.
चार महिने त्या मीटरवर शून्य.
मी काच पुसली, टिचकी मारली,
बिघडला असं लिहायला पेन काढलं,
आणि मग कळलं. आपल्याच मातीचे पाय
कोण धुतं?

काँक्रीट पडलं मे महिन्यात.
जूनचं रीडिंग: तीन.

त्या घराचं बिल दोना एर्मेलिंद भरायच्या.
"शेजार न्हय तो?" म्हणत
नाण्यांची पिशवी माझ्या हातावर उलटी करायच्या.
ऑगस्टपासून त्यांच्या बाल्कांवाला साखळी आहे.
त्यांच्या मीटरपाशी मी उगाच जास्त वेळ थांबते.
तो हलत नाही.
समोरचं बिल आता मी भरते. फार नसतं.

पुढच्या महिन्यात नवे मीटर येणार,
आकडे म्हणे ऑफिसात बसूनच दिसतील.
वह्या जमा करा, असा कागद आला.
तांबोसकरांची पेन्सिल पुसट झाली होती.
मी ती ओळ शाईनं गिरवली
आणि वही दिली.